चावऱ्या कुत्र्याचा धनी

पाळलेले कुत्रे कुणाला चावले म्हणजे ती बातमी दोन तोंडांतून दोन तऱ्हांनी निघते. ज्याची पोटरी रक्ताळली तो म्हणतो, "यांचे कुत्रे मला चावले." ज्याचे कुत्रे असते तो म्हणतो, "अहो, जरासा दात लागला." आणि लगेच त्याचे दुसरे वाक्य येते, "आजपर्यंत ते कधी कुणाला चावलेले नाही." हे दुसरे वाक्य मी इतक्या घरांच्या ओट्यांवर ऐकले आहे की त्याचा इतिहास लिहावा असे फार दिवस मनात होते. माझा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला. मुलांकडून राजेरजवाड्यांच्या सनावळ्या घोकून घेतल्या. घराच्या फाटकाशी घडणाऱ्या गोष्टींना मात्र सनावळी नसते असे आपण उगीच धरून चालतो. या वाक्यालाही सनावळी आहे, आणि ती चांगली पावणेचार हजार वर्षे मागे जाते.

बगदादजवळ तेल हर्मल नावाचे एक टेकाड आहे. तेथे १९४५ आणि १९४७ साली मातीच्या दोन पाट्या सापडल्या. त्यांवर एश्नुन्ना नामक प्राचीन राज्याचे कायदे कोरलेले निघाले. हम्मुराबीचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. हे कायदे त्याच्या संहितेहूनही थोडे आधीचे मानतात. त्यांत धान्याचे भाव आहेत, नावेचे भाडे आहे, आणि चक्क कुत्र्याचेही एक कलम आहे. कुत्रे चावरे आहे, मोहल्ल्याच्या कारभाऱ्यांनी त्याच्या धन्याला तशी समज दिली आहे, तरीही त्याने ते आवरून ठेवले नाही, आणि ते एखाद्याला चावून तो माणूस मेला, तर धन्याने ४० शेकेल चांदी मोजावी. आपल्या मापाने ही चांदी २८ तोळ्यांच्या आसपास भरते. मेलेला गुलाम असेल तर १५ शेकेल. त्या काळी माणसांचेही दर बांधलेले असत!

दंडाच्या रकमेपेक्षा मला या कलमातले 'समज दिली आहे' हे शब्द अधिक मोलाचे वाटतात. त्याच्या अलीकडे शिंगे मारणाऱ्या बैलाचे कलम आहे, पलीकडे कलंडलेल्या भिंतीचे. बैल, कुत्रे नि भिंत, तिघांच्या बाबतीत धन्याला एकच प्रश्न विचारलेला आहे: तुला कळवले होते की नव्हते? भिंतीला स्वभाव नसतो, ती वाईट वळणाची नसते, तिला कुणी चिडवीत नाही. तिच्याच रांगेत कुत्र्याला बसवून त्या जुन्या कायदेकारांनी कुत्र्याच्या स्वभावाची सगळी चर्चा एका फटक्यात बाजूला ठेवली. कलमातल्या एका शब्दाचा अर्थ कुणी 'चावरे' असा लावतात, कुणी 'पिसाळलेले' असा. ही दोन निराळी कुत्री आहेत, आणि त्यांची गल्लत माणसाला फार महाग पडलेली आहे. त्याकडे पुढे येतोच.

अथेन्सच्या सोलोनने ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी जे कायदे केले त्यांतही कुत्रे आहे. प्लुटार्क सांगतो की, चावलेल्या कुत्र्याच्या गळ्यात तीन हात लांबीचे लाकूड अडकवून धन्याने ते स्वाधीन करावे असा सोलोनचा नियम होता. हे वाचताना मला हसू आले, कारण ते लाकूड म्हणजे आपले लोढणेच. ओढाळ गाईच्या गळ्यात आपला शेतकरी जे ओंडके बांधतो तेच ग्रीकांनी कुत्र्याच्या गळ्यात बांधले. गाय पळाली की लोढणे गुडघ्यावर आपटते. कुत्रे धावले की लाकूड त्याच्या आधी जमिनीला लागते. जीव घ्यायचा नाही आणि मोकळेही सोडायचे नाही, असा हा मधला तोडगा होता.

आपल्या धर्मशास्त्रात याची सोय नसेल असे कुणी समजू नये. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात जनावरांनी केलेल्या इजेविषयी श्लोक आहेत. एकात म्हटले आहे की, 'बाजूला व्हा' असे ओरडून सांगणाऱ्यावर चतुष्पादाने केलेल्या इजेचा दोष येत नाही. दोनच श्लोकांनंतर सुळ्यांची आणि शिंगांची जनावरे येतात. त्यांच्या तावडीत सापडलेल्या माणसाला सोडवण्यास धनी समर्थ असून सोडवीत नसेल, तर त्याला प्रथम साहस दंड. माणूस ओरडत असतानाही तो हलला नाही तर दुप्पट. प्रथम साहस म्हणजे त्याच स्मृतीच्या हिशेबाने २७० पण. दुप्पट म्हणजे ५४०. माझ्या मते या श्लोकांची जोडी फार शहाणपणाची आहे. आपण फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लावतो ती पहिल्या श्लोकाच्या आधाराने. पाटीही काही आजची नव्हे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या एका घराच्या उंबऱ्याशी साखळीतल्या कुत्र्याचे चित्र नि तोच इशारा आजही पाहायला मिळतो. पण पाटी लावून धनी आत चहा पीत बसला आणि बाहेर ओरडा ऐकूनही उठला नाही, तर त्याला दुसरा श्लोक लागू.

याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिली. १९५६ पर्यंत महाराष्ट्रातल्या कैक घरांच्या वाटण्या तिच्या आधाराने झाल्या. वाटणीपुरती मिताक्षरा आपल्या पूर्वजांना बरोबर आठवत असे. सुळ्यांच्या जनावरांचा श्लोक कुणाला आठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. असो.

इंग्रजांच्या न्यायालयांनी मात्र धन्याच्या त्या प्रसिद्ध वाक्याला शतकानुशतके मान दिला. कुत्रे चावरे आहे हे धन्याला आधी ठाऊक होते असे जखमी माणसाने सिद्ध केले तरच भरपाई, असा तिथला जुना दंडक. लोक थट्टेने म्हणत की, इंग्रजी कायद्यात प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा फुकट असतो. मौज पुढेच आहे. १८६५ साली पार्लमेंटने कायदा करून मेंढ्यांपुरती आणि गुरांपुरती ही अट काढून टाकली. कुत्र्याने मेंढी फाडली तर धन्याला पूर्वी ठाऊक असो वा नसो, त्याने भरून द्यावे. माणसाला चावले तर मात्र जुनी अट कायम! मेंढपाळांचे वजन पार्लमेंटात किती होते आणि टपाल वाटणाऱ्याचे किती, याचे याहून चांगले माप इतिहासात क्वचित सापडेल.

आता आमच्या गावाकडे वळतो, कारण हा सगळा पसारा मी मांडला तो आमच्याच घराण्यातल्या एका मोत्यामुळे. नागपुराहून जबलपूरच्या हमरस्त्याने निघाले की कामठी लागते, आणि कामठी मागे टाकून नदीवरचा पूल ओलांडला की आमचे कन्हान. रामटेकचा रेल्वेफाटा येथूनच फुटतो. भोवताली कोळशाच्या खाणी आहेत. पाळीवर जाणारी माणसे रात्री-अपरात्री गल्लीतून जातात, आणि त्यामुळे घरटी एक कुत्रे बाळगण्याची नि त्याच्या भुंकण्याचा अभिमान धरण्याची जुनी रीत आहे.

माझ्या धाकट्या चुलतभावाचा मोत्या आठ वर्षांचा. घरातल्या नातवंडांना पाठीवर बसू देणारा. गेल्या वर्षी त्याने सिलिंडर आणणाऱ्याची विजार फाडली. यंदा पावसाळ्यात वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराच्या पोटरीला दोन दात लागले, आणि ते खोल होते. पोर ओट्यावर बसले होते, रक्त चपलेत उतरले होते. शेजारची एक म्हातारी वाटीत तिखटपूड घेऊन आली होती, ती मी हाताने बाजूला सारली. नळाखाली पाय धरून साबणाने पंधरा मिनिटे धुतला आणि पोराला दवाखान्यात पाठवले. तोवर घरात मोत्याचाच खटला उभा राहिला होता.

"दादा, आजपर्यंत कोणाले चावला नाही हो तो," भाऊ म्हणाला.

"अन् सिलिंडरवाला?" मी विचारले.

"त्याले कुठं चावला? पँट फाडली फक्त."

एश्नुन्नाचा मोहल्ला असता तर त्या फाटक्या विजारीलाच समज दिल्याचा पुरावा धरले असते. पुतण्याचे म्हणणे, इंजेक्शन देऊन संपवून टाकू. सूनबाईंनी पदर डोळ्याला लावला. शेवटी बहुमत पडले ते आमच्याकडच्या रूढ तोडग्यावर: पोत्यात घालून स्कूटरवरून पुलापलीकडे न्यायचे आणि कामठीकडे सोडून यायचे. एवढ्यात पोराची आई कामावरून धावत आली. तिने सगळे उभ्याउभ्या ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "अन् तिकडं काय लेकरं नाही का?"

त्यावर कुणाजवळ उत्तर नव्हते. मला मात्र तत्क्षणी मुंबई आठवली, १८३२ सालची.

पुलापलीकडे कुत्रे सोडण्याचा हा तोडगा एके काळी खुद्द मुंबई सरकारनेही पत्करला होता, आणि तेथवर येण्याआधी शहरात दंगल झाली होती. मुंबईत मोकाट कुत्र्यांचा सुळसुळाट फार. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने सरकारने १८१३ पासून उन्हाच्या दिवसांत कुत्री मारण्याचा नियम घातला होता. १८३२ च्या उन्हाळ्यात ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावले. आठ आणे म्हणजे त्या काळी गरिबाची चांगली कमाई. इनाम आले की मोजणी येते, आणि मोजणीला मोकाट काय नि पाळीव काय! शिपाई लोकांच्या आवारांत नि घरांत शिरून पाळलेली कुत्री ओढून नेतात अशी ओरड सुरू झाली. मोकाट कुत्रे पकडायला धावावे लागते. घरचे कुत्रे बोलावले की शेपूट हलवीत येते. शिपायांना सोपे काय वाटले असेल हे सांगायला नको.

पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी शवावर पडावी लागते. ६ जून १८३२ हा त्यांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात कुत्री मारीत फिरणाऱ्या दोन शिपायांना जमावाने धरून चोपले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. पारशांबरोबर हिंदू, जैन नि मुसलमान व्यापारीही हरताळात उतरले. कुलाब्याच्या छावणीतल्या पलटणीचा शिधा अडला. एका न्यायाधीशाच्या बग्गीवर घाण फेकण्यात आली. अखेर लष्कर आणून, जमावबंदीचा कायदा वाचून दाखवून धरपकड झाली. शहरातल्या पहिल्या मोठ्या हरतालांपैकी हा एक, आणि तो कर किंवा राज्य यांवरून झाला नाही, घरच्या कुत्र्यांवरून झाला. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' तेव्हा अवघे पाच महिन्यांचे होते; त्याच्या पहिल्या अंकाची तारीख ६ जानेवारी १८३२. शहर नुकते कुठे आपले बोलणे छापू लागले होते. जमशेटजी जीजीभाईंसारख्या वजनदार मंडळींनी मध्यस्थी केली, सरकार नरमले, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असे ठरले.

शहराबाहेर! या शब्दाशी मी नेहमी अडखळतो. मुंबईच्या बाहेर त्या वेळी ओसाड वाळवंट नव्हते. तिथेही कुणाचे खेडे होते, कुणाचे अंगण होते आणि त्या अंगणात कुणाचे पोर खेळत होते. दंगल कोटातल्या लोकांनी केली म्हणून त्यांची बाजू नोंदली गेली. सुटलेली कुत्री ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी काही हरताळ केला नाही. म्हणून पोराच्या आईचा तो सहा शब्दांचा प्रश्न मला १८३२ च्या सगळ्या अर्जविनंत्यांपेक्षा वजनदार वाटला.

कुत्र्याचीही एक बाजू असते, आणि ती सांगायला आपल्याकडे महाभारताचा आरंभ आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी सरमा नावाच्या देवशुनीच्या पिल्लाला यज्ञाच्या जागी मारले. पिल्लाने हवीला तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेही नव्हते. सरमा यज्ञमंडपात आली आणि विचारती झाली की, याचा अपराध काय? कुणी उत्तर दिले नाही, म्हणून तिने राजाला शाप दिला की, न दिसलेले भय तुजवर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशीच ही कुत्रीची फिर्याद व्यासांनी का बसवली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. शिक्षा करण्यापूर्वी अपराध सांगता आला पाहिजे, हे राजालाही कुत्रीकडून ऐकावे लागले.

मोत्याचा अपराध शोधायला आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी मानेवरचे केस बाजूला करून दाखवले: पट्टा घट्ट होऊन खाली बोटभर जखम झाली होती, आणि वर केस असल्याने ती कुणाला दिसली नव्हती. दिवसभर फाटकाशीच साखळीला बांधलेले, मानेला जखम, आणि पहाटे रोज कुणीतरी फाटक खडखडावून काहीतरी अंगावर फेकल्यासारखे आत टाकणार. आठवड्याभरात पट्टा बदलला, जखम भरली. वर्तमानपत्रासाठी फाटकाबाहेर पत्र्याची पेटी लावली. मोत्याची जागा मागच्या परसात गेली, आणि पहाटे पाच ते आठ तो तिथेच. रस्त्यावर नेताना त्याच्या तोंडाला मुसके. मळणीच्या बैलाला मुसके घालताना कुणाला वाईट वाटत नाही, पण मोत्याला घातले तेव्हा सूनबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पोराच्या आईचे दवाखान्याच्या खेपांत बुडालेले रोज भावाने प्रत्येक खेपेला नेऊन दिले. हे मी बजावून घेतले.

यात आम्ही नवे काही केले नाही. आमच्याच पुलापलीकडे हे सगळे कागदावर होते. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसवली. मद्रासकडच्या पलटणी तेथे असत. गोऱ्या अंमलदारांच्या बंगल्यांत कुत्री असणारच. १९२४ च्या छावणी कायद्याने छावणी मंडळांना कुत्र्यांची नोंदणी करण्याचा, नोंदलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला धातूचा बिल्ला लावण्याचा अधिकार दिला. क्रूर कुत्रे मुसक्याविना मोकळे सोडणे, कुणाच्या अंगावर कुत्रे छू करणे आणि आपल्या कुत्र्याला पिसाळलेले जनावर चावल्याचे ठाऊक असून न कळवणे, हे तिन्ही दंडनीय ठरले. छावणीची हद्द संपली की हे सारे संपले. अलीकडच्या गावांत कुत्र्याला बिल्ला नव्हता नि धन्याला विचारणारे कुणी नव्हते.

म्हणजे कायदा मुळीच नव्हता असे नाही. १८६० च्या भारतीय दंडविधानात एक कलम होते. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा भारी दुखापतीला संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी तजवीज जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे करीत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. ही हजाराची रक्कम दीडशेहून अधिक वर्षे तशीच राहिली; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता आली तेव्हा ती पाच हजार झाली. 'निष्काळजीपणे' या एका शब्दाने त्या प्रसिद्ध वाक्याचा आधार काढून घेतला आहे. कुत्रे पूर्वी चावले होते की नाही एवढ्यावर आता भागत नाही. तजवीज काय केली होती, ते सांगावे लागते. आणि पोत्यात घालून पुलापलीकडे सोडण्याबद्दल म्हणाल, तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला भुकेने-तहानेने यातना होतील अशा स्थितीत टाकून देणे हाही गुन्हा केला आहे. त्याची पहिल्या खेपेची शिक्षा दहा ते पन्नास रुपये ठेवली, म्हणून तो कुणाला भिववत नाही. मोकाट कुत्र्यांविषयी न्यायालयांत गेली काही वर्षे बरेच चालले आहे. तो विषय निराळा, मी त्यात शिरत नाही.

आता ती राहिलेली गोष्ट, चावरे नि पिसाळलेले यांच्या गल्लतीची. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणे दिली आहेत, आणि दंश झालेला रोगी पाण्याच्या दर्शनाने वा आवाजाने भिऊ लागला म्हणजे तो वाचत नाही असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. आजचे वैद्यकही याहून वेगळे सांगत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून जे करायचे ते लक्षणांच्या आधी. पण कुत्र्याकडे नुसते पाहून ते कळत नाही, आणि घरचे शांत कुत्रेही त्याला अपवाद नाही. यासाठी दहा दिवसांचा नियम आहे. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रे धडधाकट राहिले, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत तो रोग नव्हता असे धरतात. चावलेल्या कुत्र्याला तिरीमिरीत काठीने मारून टाकणारा किंवा पुलापलीकडे सोडणारा माणूस हा दहा दिवसांचा साक्षीदारच नाहीसा करतो. आणि जखमी माणसाने हे दहा दिवस वाट पाहत बसायचे नाही. धुणे नि लस पहिल्याच दिवशी. आमच्या पोराला डॉक्टरांनी त्याच दुपारी पहिली सुई दिली, जखम खोल म्हणून जखमेतही औषध भरले. मोत्या परसात दहा दिवस खात-पीत राहिला. भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज एक फुली सूनबाई मारीत.

जुन्या माणसांना पोटातल्या चौदा सुया आठवतात. त्याआधीची स्थिती कुणाला आठवण्याचे कारण नाही. हिंदुस्थानातली पहिली पाश्चर संस्था १९०० साली कसौलीला निघाली, दक्षिणेत कुन्नूरची १९०७ मध्ये. तोवर ज्याच्याजवळ पैसा असेल त्याने पॅरिसची वाट धरावी आणि नसेल त्याने देवाची. कसौली निघाल्यावरही नागपूरकडच्या माणसाला सोय झाली असे नव्हे. इटारसीची थेट लाईन तेव्हा झालेली नव्हती. भुसावळचा वळसा घेऊन उत्तरेला जायचे, काल्क्यापर्यंत आगगाडी, आणि तेथून डोंगर. कुत्रे चावलेल्या मजुराने, बरोबर एक माणूस घेऊन, परमुलखात काही आठवडे राहायचे. किती जण निघाले नसतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. कसौलीच्याच डेव्हिड सेंपलने १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून मृत विषाची लस केली, आणि ती बाटलीत भरून दूरच्या दवाखान्यांना पाठवता येऊ लागली तेव्हा कुठे कसौली जिल्ह्याच्या गावी आली. चौदा सुया त्याच लसीच्या. २००५ च्या सुमारास आपल्या देशात ती बंद झाली आणि दंडावरच्या चार-पाच सुयांवर काम भागू लागले.

ही सगळी विद्या ज्या एका चाव्यापासून सुरू झाली तो मोकाट कुत्र्याचा चावा नव्हता हे पुष्कळांना ठाऊक नसते. ४ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातल्या एका खेड्यात जोसेफ मेस्तर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला कुत्र्याने चौदा ठिकाणी फोडले. कुत्रे थिओडोर व्होन नावाच्या किराणा दुकानदाराचे, घरचे. ते खुद्द धन्यावरही उलटले होते. त्याने त्याला मारले, तेव्हा पोटात गवत, काड्या नि लाकडाचे तुकडे निघाले. दोन दिवसांनी, ६ जुलैला, पॅरिसमध्ये पाश्चरच्या दारात तीन माणसे उभी राहिली: मुलगा, त्याची आई आणि तो दुकानदार. पाश्चरने दुकानदाराचा दंड तपासला. वळ होता, पण सदरा फाटला नव्हता, दात आत गेला नव्हता; त्याला त्याच दिवशी परत जायला सांगितले. मायलेक राहिली. त्याच संध्याकाळी डॉक्टर ग्रांशे यांनी मुलाला पहिली सुई टोचली, आणि १६ जुलैपर्यंत एकूण तेरा झाल्या. पोर वाचले. मोठेपणी मेस्तर त्याच पाश्चर संस्थेच्या फाटकावर राखणदार म्हणून नोकरीला राहिला.